मामांची फुंकणी

आमच्या हिच्या मामांइतका बुडाचा भक्त साऱ्या ग्वाल्हेरात दुसरा झाला नाही. दाना ओळीच्या बाजारात लोटा घेतला तरी आधी उलटा करणार. मला बघायला आले तेव्हा माझ्या मागून फेरी मारून आले. मला वाटलं, कुबड शोधतायत. "पुढून सगळेच बरे दिसतात, जावईबापू," म्हणाले. मामा संस्थानच्या शिलेखान्यात चकमकीच्या दगडानं उडणाऱ्या जुन्या बंदुका सांभाळत. मी चार बुकं शिकलेला, पण त्यांनी सांगितलेलं पाठ आहे. आधी नळीचं बूड तापवून, ठोकून कायमचं बंद करीत. आत अडकलं ते अडकलं. मग कुणी शहाण्यानं आटे पाडून पेचाचं बूड केलं, उघडता येणारं. पुढे काही बंदुका तर बुडातूनच भरायला लागले. हे सांगताना मामा असे हळू बोलत, जशी बंदूक ऐकतेय.

संस्थान विलीन झालं, बंदुका न्यायला साहेब आला. मामांनी एकेका नळीला तोंड लावून फुंकायला सुरुवात केली. मागच्या बारीक छिद्रातून वारा निघाला की बंदूक रिकामी. भर दुपारी तो शिलेखाना नुसता कण्हत होता. एक बंदूक मात्र कण्हेना. नळीत गज घातला, तो बुडाच्या चार बोटं अलीकडेच थांबला.

"भरलेली आहे. देणार नाही."

"अरे बाबा, सौ साल से पड़ी है! नौकरी जाएगी तुम्हारी."

"जाऊ दे. नाहीतर कुणाच्या घरचं माणूस जाईल."

दारात आडवे बसले. तीन दिवस छिद्रातून तेल सोडलं, चौथ्या दिवशी बूड फिरलं. आतून दारूचा गोळा निघाला, गोळी निघाली आणि त्यांच्यावर ठासलेली लुगड्याची हिरवी चिंधी, सकाळीच फाडल्यासारखी ताजी. मामांनी ती कानाला लावली. काय ऐकलं, कधी सांगितलं नाही.

नोकरी गेलीच. आटे गेलेली ती नळी यादीतून निघाली, ती मामांनी आमच्या हिला फुंकणी म्हणून दिली. ही चुलीत फुंकायची तेव्हा नळी हूं करायची, आणि मामा डोळे मिटून म्हणायचे, "रिकामी आहे हो."

मामा जाऊन जमाना झाला. गेल्या माघात ही पण गेली. परवा सूनबाई म्हणाली, "बाबा, आता गॅस आहे ना, ही फुंकणी कबाडीला देऊन टाकू का?" तिनं उचलून पाहिली. दोन्ही तोंडांना हिच्या हिरव्या लुगड्याचे बोळे मी घट्ट ठासलेत.

मी म्हटलं, "ठेव खाली. भरलेली आहे."