धोंड्याच्या महिन्याची वाटणी

भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना जो आपलाच वाटतो, असा वकील अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. सुरुवातीला आम्हाला हे दुर्दैव वाटलं होतं. ताई आणि भाऊजींनी वेगळं व्हायचं पक्कं केलं होतं. ते परत एकत्र येतील ही आशा आमच्या आईनेही सोडली होती. प्रश्न होता त्यांच्या सात वर्षांच्या ओवीचा. ती आमच्याकडे वरवट बकालला कधी राहणार आणि बापाकडे सोनाळ्याला कधी, हे दोघांच्या संमतीने लिहून कोर्टापुढे ठेवायचं होतं. जमलं नाही तर जज्जसाहेब ओवीलाच समोर बसवून विचारतील, आई पाहिजे की बाबा, या विचाराने ताईची झोप उडाली होती. म्हणून आम्ही खामगावचे हे वकील केले.

वकीलसाहेबांच्या अंगावरचा काळा कोट ऐन मे महिन्यातही उतरत नाही. लग्नाच्या पंगतीत कोट, बाजारात भाजी घेताना कोट. त्यांनी कोटातच भरीत-भाकरी हाणताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. समोरच्याचा आवाज चढला की यांचा उतरतो, इतका की भांडणाऱ्याला ऐकण्यासाठी गप्प बसावं लागतं. पहिल्या भेटीत ते पगारपाणी विचारतील म्हणून आम्ही तयारीने गेलो होतो. त्यांनी विचारलं, ओवीची वेणी कोण घालतं, झोपेत दचकली तर कोणाला हाक मारते आणि वांगं खाते का. "वांग्याचं काय हे मधेच?" ताई वैतागली. "पोरगी जिथं राहीन तिथं जेवीन ना, बाई," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात आम्हाला न सांगता ते सोनाळ्याला जाऊन जेवून आले. ताईचा पारा चढला. "माझा वकील अन् त्यांच्या घरी पातोड्या खाऊन आला?" वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "पोरीसाठी तिची आजी कमी तिखटाची भाजी येगळी काढून ठेवते. हे तुम्ही मले सांगतलं नव्हतं." तिकडे भाऊजींनी स्वतःचा वकील करायचा बेतच रद्द केला. म्हणाले, आपले वकीलसाहेब आहेतच की.

मसुदा तयार झाल्यावर त्यांनी दोन्ही घरांना आपल्या बैठकीत बोलावलं आणि एकेक कलम मोठ्याने वाचून दाखवलं. न कळणारा एक शब्द नाही. शाळा ताईकडे, दिवाळीचा पाडवा सोनाळ्याला, भाऊबीज आमच्याकडे. सगळी वाटणी त्यांनी तिथीने केली होती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "सण तिथीनं येतात, तारखेनं नाई," असं सांगून त्यांनी वाचलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीत वैशाख आईकडे, ज्येष्ठ वडिलांकडे." तेवढ्यात ताईची सासू हळूच म्हणाली, "वकीलसायेब, यंदा ज्येष्ठ दोन हायेत. धोंडा हाये."

वकीलसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळे सण मोजणारा हा माणूस अधिक महिनाच विसरला होता. भाऊजी म्हणाले, "मंग दोन्ही ज्येष्ठ माह्याकडेच." ताई म्हणाली, "धोंडा कोणाच्याच नावावर नाही, तो मी देणार नाही." सासू म्हणाली, "धोंडा तर जावयाच्या मानाचा महिना," आणि बोलल्यावर तिच्याच लक्षात आलं की आपला मुलगा आता त्या घरचा जावई राहिलाच नव्हता. कोणी कोणाकडे बघेना. मग जे नको होतं तेच भाऊजींच्या तोंडून निघालं, "जाऊ द्या. जज्ज पोरीलेच विचारतीन."

तेव्हा वकीलसाहेबांनी कोट काढला. कोटाशिवाय ते एखाद्या थकलेल्या मास्तरासारखे दिसत होते. "पोरगी एकाचं नाव घेईन," ते अगदी हळू बोलले, "अन् दुसऱ्याचं आपण काऊन नाई घेतलं, हे म्हातारी होईपर्यंत आठवत राहीन. तुमाले चालते का हे?" भाऊजींनी मान खाली घातली. ताई डोळे पुसत म्हणाली, "नाही चालत." मग तिथल्या तिथे नवं कलम झालं. धोंड्याचा पहिला पंधरवडा वडिलांकडे, दुसरा आईकडे; मधल्या पौर्णिमेला वडिलांनी ओवीला स्वतः वरवट बकालला आणून सोडावं आणि त्या दिवशी आईच्या घरच्यांनी त्यांना अनारसे करून जेवू घालावं. "जावई म्हणून नाई," वकीलसाहेबांनी माझ्या आईला बजावलं, "ओवीचा बाप म्हणून." हे अनारशांसकट कागदावर आलं.

कोर्टात जज्जसाहेबांनी ते कलम दोनदा वाचलं, गालात हसले आणि दोघांना विचारलं, मान्य आहे का. दोघं हो म्हणाले. ओवी त्या वेळी शाळेत खेळत होती आणि तिला कोणीही काहीही विचारलं नाही. आम्ही जिंकलो. सोनाळ्याची मंडळीही जिंकली. एकाच खटल्याचे पेढे एकाच दिवशी दोन गावांत वाटले गेले आणि वकीलसाहेबांनी दोन्हीकडचे खाल्ले, अर्थात कोट घालून.

पौर्णिमेला भाऊजी ओवीला घेऊन आले. वकीलसाहेबांनाही बोलावलं होतं. ताईने स्वतः वाढलं. हसतखेळत जेवणं चालली होती, भाऊजी आईच्या अनारशांची तारीफ करत होते, आणि मला वाटत होतं, आपल्यासारखा विजय कोणी मिळवला नसेल. तेवढ्यात ओवीने विचारलं, "बाबा, हात धुतले की तुम्ही जाणार?"

भाऊजी "हो" म्हणाले. ताईचा वाढता हात थांबला. वकीलसाहेबांनी ताईच्या हातातलं अनारशांचं ताट घेतलं आणि भाऊजींच्या पानात वाढत म्हणाले, "घ्या अजून एक. धोंडा काई दरसाल येत नाई."

भाऊजींनी तो अनारसा घेतला आणि अगदी सावकाश खाल्ला. ओवी त्यांच्या मांडीला टेकून बसून राहिली आणि तो संपेपर्यंत आमच्यापैकी कोणीच पानावरून उठलं नाही.