रोट घराबाहेर जात नाही

सुरतेच्या बमरोलीतून निघाले त्या दुपारी मायने माझी ओटी भरली. मी जीन्स घातली होती, त्यामुळे ओटी घ्यायची कशात हाच पहिला प्रश्न. शेवटी वहिनीने आपली ओढणी माझ्या गळ्यात टाकली, मी तिची झोळी केली आणि मायने त्यात गहू, नारळ, हळकुंड आणि खण घातला. टॅक्सीवाला "चालो बेन, मोडुं थाय छे" म्हणत घाई करत होता. शेजारच्या ओडिया बाया दारात येऊन हा प्रकार कौतुकाने बघत होत्या. मी चेष्टेत म्हटलं, "माय, मी सासरले नही चालनी, नोकरीले चालनी." माय हसली नाही. "आंडेर घर सोडस, मंग तिनी ओटी भरनी पडस. तू कोठेबी जाय," एवढंच म्हणाली. आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगी.

नाना, म्हणजे माझे वडील, बाजूला उभे होते. शेजारच्या पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये त्यांची सगळी उमर कापड रंगवण्यात गेली. रडणं त्यांना जमत नाही, म्हणून अशा वेळी ते कामाचं बोलतात. टॅक्सीच्या खिडकीत वाकून ते म्हणाले, "तठलं पाणी कसं शे, सांगजो." मी मान हलवली. ओटीतला गहू मी स्टीलच्या डब्यात ओतला होता आणि तो डबा मुंबईपर्यंत मांडीवर धरून बसले होते.

तर मंडळी, मी गेले ते ब्लॅकबर्नला. लंडन नाही. हे इंग्लंडच्या वायव्येकडचं, डोंगरांच्या वाटीत बसलेलं गाव आहे, आणि तिथल्या हॉस्पिटलात मी नर्स आहे. बमरोलीत अजून सगळे "लंडनवाली" म्हणतात, मीही आता दुरुस्त करत नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, इथे पाऊस कुणी चालू करून विसरून गेलंय. नंतर वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी गावाची कहाणी थोडी थोडी सांगितली. पश्चिमेच्या समुद्रावरून ढग येतात, डोंगराला अडकतात आणि इथे रिते होतात. त्या ओल्या हवेत सूत कमी तुटतं, म्हणून सूतकताई आणि विणकाम इथे रुजलं. पुढे कोळशाच्या खाणी, कालवा, रेल्वे आणि धुराडी. म्हणजे ज्या पावसाला मी शिव्या घालत होते, त्याच्यामुळेच तर हे गाव होतं.

नानांना फोनवर सांगितलं, इथलं पाणी डोंगरावरून येतं आणि साबण एवढासा लावला तरी फेस जाता जात नाही. नाना म्हणाले, "नरम पाणी शे. तठे कापड धोवानं काम व्हत व्हई." होतंच की. गावाबाहेर ओढ्यांच्या काठाने कापड धुऊन पांढरं करण्याचे कारखाने होते, त्यांच्या पडक्या भिंती अजून दिसतात. त्या दिवसापासून नानांची माझ्याबद्दलची अर्धी काळजी मिटली. पाणी चांगलं आहे म्हटल्यावर गाव वाईट कसं असेल, असा त्यांचा साधा हिशेब.

या गावाच्या नावातच ओढा आहे, काळा ओढा. ती नदी मी आल्या आल्या शोधली आणि मला सापडेना. मग कळलं की गाव वाढलं तसं लोकांनी तिला झाकून टाकलं. ती रस्त्यांच्या आणि दुकानांच्या खालून जाते, मध्येच कुठे उघडी पडते आणि पुन्हा आत शिरते. शिफ्ट संपवून मी गावात उतरले की कधी कधी लोखंडी जाळीपाशी थांबते. रस्ता शांत असला तर खालून पाण्याचा आवाज येतो. डोळे मिटले की मला पांडेसऱ्याची खाडी दिसते. लहानपणी पुलावरून बघून आम्ही सांगायचो, आज कुठल्या कारखान्यात लाल रंग चाललाय आणि कुठल्या कारखान्यात निळा. मग खाडी विरून जाते आणि तापी येते. तापी तर आमच्याच खान्देशातून सुरतेला आलेली, मायच्या माहेरच्या गावाला वळसा घालून. आम्ही खान्देशी माणसं सुरतेला कामाला आलो त्याच्या कितीतरी आधी पाणी त्याच वाटेने येत होतं. जाळीवर उभी राहून मी हे असलं काहीतरी बघत असते आणि माझी बस निघून जाते.

कापसाची गोष्ट मात्र ऐकली तेव्हा मला राग आला होता. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या यादवी लढाईमुळे तिकडचा कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, लोक उपाशी राहिले. तेव्हा आपल्याकडचा कापूस बोटी भरभरून इथे आला. खान्देशातला, वऱ्हाडातला, गुजरातचा, सगळ्याला इथले लोक एकच नाव द्यायचे, 'सुरत'. त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा, आणि कामगार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. देवा, कापूस पाठव पण सुरत नको, अशी प्रार्थना करत म्हणे. वॉर्डातल्या एका आजोबांनी हे हसत सांगितलं आणि मी त्यांच्या दंडावरचा ब्लड प्रेशरचा पट्टा जरा जोरातच आवळला. मग तेच म्हणाले की त्यांची आई गिरणीत धोतरं विणायची, हिंदुस्थानासाठी. तिला शेवटपर्यंत कळलं नाही की एवढं लांब कापड माणूस नेसतो कसा. आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या आणि इथे चुली विझल्या. कुणाची बाजू घ्यावी हे मला त्या दिवशी समजेना. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना, माझ्यासोबत आलेल्या वहिनीच्या ओढणीचा काष्टा घालून धोतर नेसून दाखवलं, आणि सिस्टरने आम्हा दोघांनाही झापलं.

माझ्या गल्लीत शेवटच्या घरात हलीमामासी राहतात, सुरतेच्या रांदेरजवळच्या. त्यांचे मिस्टर गिरणीच्या रातपाळीसाठी इथे आले होते. मासी माझ्याशी अस्सल सुरती गुजरातीत बोलतात आणि मी माझ्या तोडक्यामोडक्यात. मी सुरतेत असताना गुजराती चुकवत फिरायचे, इथे येऊन मात्र त्या भाषेसाठी जीव टाकते. मासींचं एक वाक्य ठरलेलं आहे. "मील माटे आव्या, मील गई, अमे रही गया." गिरणीसाठी आलो, गिरणी गेली, आम्ही राहिलो. त्या हे दुःखाने म्हणतात की अभिमानाने, ते मला अजून उमगलेलं नाही.

तीन वर्षांनी माय महिनाभरासाठी आली. पहिल्या दिवशी खिडकीत बसून तिने एकसारख्या विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं बघितली, लांबचं एकुलतं धुराडं बघितलं आणि म्हणाली, "हाऊ तं आपला पांडेसराच शे. नुसतं धोयेल." धुतलेला पांडेसरा! नदी झाकलेली मात्र तिला मुळीच आवडली नाही. जाळीपाशी नेलं तर तिने पदर सावरून खाली वाकून हात जोडले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं बाईचं काही पडलंय, दोघे मदतीला थांबले.

मग एका सकाळी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीत तो स्टीलचा डबा सापडला. ओटीचा गहू. मी तो जपून ठेवला होता, रोज दिसावा म्हणून. तिने झाकण उघडलं, आत टोके, गव्हातले किडे, झाले होते. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. पण तिचा चेहरा उतरला. "ओटीना गहू ठेवाना नही ऱ्हास," ती म्हणाली, "खावाना ऱ्हास. नवा घरमा पहिले तोच रांधतस." खरं सांगायचं तर या घराला मी घर धरलंच नव्हतं. गादी जमिनीवर, भिंतीला एक खिळा नाही, बॅगा अजून कोपऱ्यात. आम्ही तो गहू कालव्यावर नेला आणि बदकांना घातला. माय मुठीमुठीने टाकत होती.

त्याच आठवड्यात घरमालक येऊन गेला होता. त्याला घर विकायचं होतं, मी घेणार असेन तर पहिला मान माझा. मी मायला विचारलं. ती म्हणाली, "आंडेरनं घर तिना नवरानं." आणि भाजी चिरत राहिली. मला भडभडून आलं. मला नवरा नाही, सध्या करायचाही नाही. मग सुरतेचं घर भावाचं आणि इथलं भाड्याचं, तर माझं घर कुठलं? हे मी तिला तोंडावर विचारलं. तिने विळी बाजूला केली, मला जवळ घेतलं आणि मग पुन्हा विळी पुढे ओढली. श्रावणापर्यंत राहा म्हटलं, तर म्हणाली, "मंग कानबाईना रोट कोन करी?"

बाहेरच्यांसाठी सांगते. कानबाई ही आम्हा खान्देशी लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते, नारळाला नथ घालून, शेला पांघरून. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. त्यासाठीचा गहू आमच्या घरी मुठीने मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. खान्देश सुटला तरी मायने बमरोलीच्या दोन खोल्यांत यातलं काही सोडलं नाही. लहानपणी मी मोजताना समोर बसून विचारायचे, "मनी मूठ?" माय म्हणायची, "तुनी मूठ तुना सासरले मोजतीन." आणखी एक नियम म्हणजे रोट घराबाहेर जात नाही. तो आपल्याच माणसांनी, आपल्याच घरात संपवायचा. भावाने एकदा शाळेतल्या दोस्तासाठी खिशात तुकडा नेला होता, तर मायने त्याला शाळेच्या फाटकातून परत आणलं.

माय परतली. घरमालकाला मी श्रावण होईपर्यंत थांबायला सांगितलं. त्याला श्रावण कळला नाही, पण तो थांबला. मधल्या दिवसांत मी एकदा शेजारच्या डार्वेनच्या टेकडीवर चढले. वरून सगळं गाव दिसतं, आणि हवा स्वच्छ असली तर लांब समुद्राची रेघ. संध्याकाळचं कोवळं ऊन होतं. कालवा चमकत होता, आणि खालच्या विरळ धुक्यात मला वाटलं की जिथे एक धुराडं आहे तिथे कितीतरी आहेत, धूर निघतोय, आणि खाली नाना डबा घेऊन पाळीवर चाललेत. खूप वेळ मला ते चित्र डोळ्यांपुढून हलवावंसं वाटलं नाही.

श्रावणात मी सुट्टी काढून बमरोलीला आले. गल्लीत तीच गर्दी, डाइंगचा तोच वास, पहिल्याच श्वासाला घसा खवखवला आणि जीव निवला. रविवारी सकाळी माय परात घेऊन बसली. काकू आली होती, वहिनी बसली होती, मी आपली सवयीने भिंतीला टेकून. माय नाव घेई आणि सव्वा मूठ टाकी. नानांची. भावाची. भावाच्या मुलाची. मग तिने पुन्हा पोत्यात हात घातला.

"व्हयनात ना वं समदा?" काकू म्हणाली. "हाई कोनी?"

"आंडेरनी," माय म्हणाली. मूठ सोडली, वरचा पाव मोजून टाकला आणि परात पुढे सरकवली. काकूने नानांकडे पाहिलं. नाना पेपरात डोकं घालून म्हणाले, "तीबी पाळीवर जास." मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. सुरतेच्या पाण्यात साबणाचा फेस धरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाया कानबाईला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत बोळवून आल्या. माझा रोट मी पुरवून पुरवून खाल्ला तरी निघायच्या दिवशी एक तुकडा उरला. मी तो संपवायला घेतला, तर मायने हातातून काढला, फडक्यात बांधला आणि स्टीलच्या डब्यात ठेवला. त्याच डब्यात. खाली नवा गहू होता. टॅक्सी खाली उभी होती, ओडिया बाया दारात आल्या होत्या.

"माय, रोट घरना बाहेर नेतस का?" मी म्हटलं.

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि तो माझ्या हातात दिला.

"बाहेर कोठे? घरमाच जाई राहिना," ती म्हणाली. "आन् या टाइमले गहू रांधी टाक."