अप्पांसाठी चहाची बिस्किटं

माझ्या हातच्या बिस्किटांमधलं एकही बिस्किट माझ्या सासऱ्यांनी वाया घालवलं नाही, ही गोष्ट मी आजही चारचौघांत मान ताठ करून सांगते. एवढं सांगते आणि विषय बदलते. पण परवा नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, ती अप्पांसाठी केलेली चहाची बिस्किटं, त्याची कृती दे ना गं," आणि मला तिथल्या तिथे खोकल्याची उबळ आली. तेव्हा आता सगळं सांगून मोकळी होते.

लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला शांती नगरात राहायला आलो, त्याला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. घरात मी, माझा नवरा दिलीप, सासूबाई म्हणजे आई आणि सासरे म्हणजे अप्पा. आईंचा जीव गॅलरीतल्या पाच गुलाबांवर. गोदीतून निवृत्त झालेल्या अप्पांचा जीव दोन गोष्टींवर, बोलणं आणि चहा. दिवसाला सात कप. पहिला झोप उडावी म्हणून आणि शेवटचा झोप लागावी म्हणून (हो, ती लागायचीही!).

मग डॉक्टरांना त्यांच्या पोटात अल्सर सापडला आणि चहा बंद झाला. चहाबरोबर अप्पांचं बोलणंही बंद झालं. सकाळचा पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला. "चहाशिवाय पेपर म्हणजे नुसती रद्दी," एवढं एकदा म्हणाले आणि गप्प झाले. दोन-तीन आठवड्यांनी तर जेवणावरून मनच उडालं त्यांचं. आमटीपासून आंब्याच्या लोणच्यापर्यंत सगळ्याला एकच शेरा, "चव लागत नाही." आणि एका बुधवारी ताटावरून उठता उठता त्यांनी जाहीर केलं, "मी गावाला, लांज्याला जातोय. सोमवारच्या एसटीचं तिकीट काढलंय."

"परत कधी येणार?" दिलीपने विचारलं.

"परतीचं काढलं नाही."

लांज्याचं घर बंद पडलेलं. शेजारी एक चुलतभाऊ, तोही कानाने अधू. पंच्याहत्तरीचा, पोटात अल्सर असलेला माणूस तिथे एकटा काय करणार होता? त्यात रविवारी त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. मला मनापासून वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी स्वस्थ बसत नाही. मी विमा कंपनीत कामाला. समोरून 'नाही' आलं की नवीन फॉर्म भरून परत पाठवायचा, ही आमची रीत. मी ठरवलं, रविवारी हा माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणेल की जात नाही.

गुरुवारी टीव्हीवर एक टापटीप बाई चहाच्या स्वादाच्या बटर कुकीज करत होती. मी विजेच्या बिलाच्या पाठीवर सगळी कृती उतरवून घेतली.

"चहा प्यायला बंदी आहे," मी दिलीपला म्हटलं. "खायला नाही."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. दोन बिस्किटं चालतील म्हणाले."

"मेधा, तुला साधी भाकरी गोल येत नाही."

"भाकरी करतच नाहीये मी."

अडचण एकच होती, आई. अप्पांच्या पथ्याच्या बाबतीत आई म्हणजे वरसाव्याच्या नाक्यावरच्या हवालदार, कुणाला सोडायच्या नाहीत. 'चहा' हा शब्द ऐकला असता तर बिस्किटं तिथेच संपली असती. पण मंगळवारी आणि शनिवारी चार ते सहा त्यांचं भजन असे, आणि शनिवारी माझा अर्धा दिवस. अप्पा त्या वेळी खाली बागेतल्या बाकावर तोंड फिरवून बसलेले असत. म्हणजे माझ्याकडे दोन तास होते.

चार वाजून पाच मिनिटांनी मी बटर आणि पिठीसाखर फेसायला घेतली. मैदा चाळला. फळीवरचा चहाचा डबा काढला. (डब्यावर 'चहा' अशी चिठ्ठी माझ्याच अक्षरात. पण सकाळचा चहा आईच करायच्या, अप्पा फिरायला गेले की स्वयंपाकघराचं दार लोटून. मी आयता पिऊन ऑफिसला पळायचे. त्यामुळे गेल्या दीड महिन्यात तो डबा उघडायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती.) टीव्हीवरच्या बाईने चहापूड मिक्सरमधून बारीक करून दोन चमचे घातली होती. मीही घातली. किंचित मातीचा वास आला. मी म्हटलं, आईंनी या वेळी भारीतला चहा आणलेला दिसतोय.

पीठ मळून चाखलं. बटर लागलं, साखर लागली. चहा लागला नाही. आणखी दोन चमचे घातले. परत चाखलं, परत नाही. तेवढ्यात समोरच्या जिग्नाबेन विरजण मागायला आल्या. त्यांच्या तोंडात एक गोळी घातली.

"भाभी, बटर एकदम मस्त," त्या म्हणाल्या. "पण चाय किधर है?"

"अंदर है."

त्यांनी आणखी थोडा वेळ तोंड हलवलं. "अंदर तो है, पण आवती नथी."

मी चमचा ठेवला आणि वाटी घेतली. वाटीभर चहा घातल्यावर पीठ कोरडं पडलं, म्हणून बटर घातलं. बटर जास्त झालं, म्हणून मैदा घातला. मैद्याने चव उतरली, म्हणून पुन्हा चहा. हा फेरा तीनदा झाला. जिग्नाबेन विरजण विसरून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि दर फेऱ्याला चाखून मान हलवत राहिल्या. शेवटी मी डबाच उपडा केला आणि तळावर चापट मारली. आता परातीत जो गोळा होता त्याचा रंग थेट आईंच्या कुंडीतल्या मातीसारखा दिसत होता आणि तो मावत नव्हता.

मग मी बिलाची शेवटची ओळ वाचली. ओव्हन गरम करून घ्यावा, असं तिथे लिहिलं होतं. आमच्याकडे ओव्हन नव्हता.

दुसरी कुणी असती तर तिथे बसून रडली असती. मी दिलीपला झोपेतून उठवलं. हाटकेशला गाळ्यांच्या मागे एक बेकरी होती. दिवाळीत अर्धं शांती नगर तिथे नानकटाई भाजून आणायचं, पीठ आपलं आणि भट्टी त्यांची. दिलीप मांडीवर परात घेऊन रिक्षात बसला. दर खड्ड्याला गोळा उचलला जायचा आणि पुन्हा परातीत बसायचा.

रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. "घर का काम निकाला है क्या?"

"बिस्किट है," दिलीप पडेल आवाजात म्हणाला.

बेकरीतले चाचा पांढऱ्या दाढीचे, हातभर पिठाने माखलेले. त्यांनी गोळ्यात बोट खुपसलं. "मॅडम, ये काला काला क्या है?"

"चाय."

त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. "मॅडम, पूरी जिंदगी भट्टी पे निकली. लोग बिस्किट को चाय में डालते हैं. चाय को बिस्किट में पहली बार देखा."

"आप भूनो. बाकी मैं देखती हूँ."

मी स्वतः बसून गोल गोल बिस्किटं थापली, प्रत्येकाला काट्याने नक्षी काढली. चाचा म्हणाले, बटर ज्यादा है, फैलेगा. मी म्हटलं, नहीं फैलेगा. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर आला तेव्हा त्यावर एकच बिस्किट होतं, ट्रेएवढं. चाचांनी खारी कापायची सुरी घेतली आणि शांतपणे उभ्या-आडव्या रेघा मारल्या. अशी चौकोनी नव्वद बिस्किटं घेऊन आम्ही घरी आलो. आईंना सांगितलं, वाढदिवसाची नानकटाई आहे. "नानकटाई काळी कशी?" आईंनी विचारलं. मी म्हटलं, "खमंग भाजली."

रविवारी सकाळी आईंनी अप्पांना ओवाळलं. जिग्नाबेन ढोकळा घेऊन आल्या होत्या. कोपऱ्यात अप्पांची गावची पिशवी भरून तयार होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बशीत दोन बिस्किटं ठेवून त्यांच्यासमोर धरली.

"अप्पा, तुमच्यासाठी खास. खा आणि काय आठवतं ते सांगा."

अप्पांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि डोळे मिटून चावत राहिले. सगळ्यांनी एकेक उचललं होतं. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे उघडले, तर डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, जिंकले.

"यात काय घातलंस गं?"

"चहा!" मी म्हटलं. "भरपूर."

अप्पांनी बशी खाली ठेवली. "मग तुझा काही दोष नाही, पोरी. माझी जीभच मेलीय."

"असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतोय. आता जातोच आहे तर सांगून टाकतो. तुझी सासू मंगळवारी भजनाला गेली की मी चहा करून प्यायचो. तीनदा केला. खळाखळा उकळला. एकदा तर चार चमचे टाकले. नुसतं गरम पाणी लागत होतं. तेव्हाच समजलो, आता आपलं सगळं आटपलं. ज्याला चहाची चव कळत नाही त्याने इथे पोरांच्यात बसून काय करायचं? म्हटलं, गावाला जाऊन पडावं."

दिलीप खाली बघायला लागला. फक्त आई ताठ झाल्या.

"चोरून चहा केलात? कुठल्या डब्यातला?"

"चहाच्या. दुसऱ्या कुठल्या?"

आई माझ्याकडे वळल्या. "आणि तू बिस्किटात कुठला घातलास?"

"त्यातलाच. सगळा."

आई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि रिकामा डबा घेऊन परत आल्या. तो आमच्यासमोर धरला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"अरे देवा. माझ्या गुलाबांचं खत."

खोलीतली सगळी तोंडं चावता चावता थांबली.

"मला माहीत होतं हे चोरी करणार," आई म्हणाल्या. "म्हणून डॉक्टर म्हणाले त्याच दिवशी मी चहा उडदाच्या डब्यात लपवला. आणि यात आपला गाळलेला चोथा भरून ठेवला, गुलाबांना घालायला. रोजचा चोथा धुऊन, उन्हात वाळवून. म्हटलं, करू देत चोरी, काय मिळणार आहे."

"उकळून गाळलेला?" दिलीपने विचारलं.

"तीनदा धुतलेला," आई म्हणाल्या. "स्वच्छ होता हो, अगदी स्वच्छ."

"भाभी," जिग्नाबेननी घास तसाच गालात धरून विचारलं, "चोथा मतलब?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

अप्पा मात्र हळूहळू सरळ होत होते. "थांबा. म्हणजे मी प्यायलो त्यात चहा नव्हताच?"

"नव्हता."

"आणि या बिस्किटातही नाही?"

"नाही, अप्पा," मी म्हटलं. ते म्हणताना माझी मान जमिनीला लागायची बाकी होती.

"म्हणजे माझी जीभ चांगली आहे!"

आणि अप्पा हसायला लागले. दीड महिन्यांनी. खांदे उडत होते, डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं. त्यांनी ढोकळ्याचा तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा टाकला, आणि म्हणाले, "मोहरी जरा जास्त झालीय." जिग्नाबेन दुखावल्या, पण आम्हाला तिघांना ते वाक्य अमृतासारखं लागलं. संध्याकाळी अप्पांनी एसटीचं तिकीट दिलीपच्या हातात दिलं आणि म्हणाले, "रद्द करून टाक."

उरलेली ऐंशी-पंच्याऐंशी बिस्किटं मी कचऱ्यात टाकणार होते. अप्पांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. "बटर चांगलं आहे. टाकायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी फिरायला निघताना दोन बिस्किटं कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. माझं ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं, सासऱ्यांना माझी बिस्किटं इतकी आवडतात की बरोबर घेऊन जातात. दोघीतिघींनी कृती लिहून घेतली. (दिली मी. चहाचा डबा नीट बघून घ्या, एवढं बजावून.)

तीन आठवड्यांनी मला एक सुट्टी होती. सकाळी भाजी घ्यायला खाली उतरले, तर आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी, बाकड्यावर, अप्पा. एका हातात काचेचा ग्लास. दुसऱ्या हातात माझं चौकोनी बिस्किट.

"अप्पा!"

"हळू," ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारलंय. अर्धा चालतो आता. फक्त तुझ्या सासूला सांगू नकोस, ती उडदाचा डबाही बदलेल."

त्यांनी बिस्किट ग्लासात बुडवलं, पुरतं भिजेपर्यंत धरलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला रागवायचं सुचेना.

"मेधा, उगाच खट्टू झालीस बघ त्या दिवशी," ते म्हणाले. "चहाचा स्वाद येतो हो तुझ्या बिस्किटाला. फक्त आधी चहात बुडवावं लागतं."

खोकला थांबल्यावर नणंदेला मी शेवटी कृती सांगितली. आलं घालून चांगला चहा कर, म्हटलं, आणि बिस्किटं विकत आण.