आत ओढलेल्या श्वासाचा आवाज

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या ऑफिसात जॉइन झालो त्या पहिल्याच आठवड्यात मी माझ्या टीम लीडला धावत जाऊन पाणी आणून दिलं. ती फिनलंडची. मी विचारलं होतं, "हा बग मी घेऊ का?" तिनं स्क्रीनवरून डोळे न हलवता एकदम श्वास आत ओढला. "यो!" बास, एवढंच. आमच्या चाळीसगावात माणूस असा श्वास आत ओढतो तो ठेचा लागल्यावर, नाहीतर फोनवर कुणीतरी गेल्याचं कळल्यावर. ठेचा तर तिथे कुठे दिसत नव्हता.

तिनं ग्लासकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थँक्यू. पण मी फक्त 'हो' म्हणाले."

त्यांच्याकडे 'हो'ला 'यो' म्हणतात, आणि पुष्कळ लोक तो श्वास सोडताना नाही, घेताना म्हणतात. शब्द बाहेर पडायच्या ऐवजी आत जातो. हे कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून लंचला माझा नवा आयटम सुरू. मी लीड व्हायचो, त्याच ऑफिसातला माझा नागपूरवाला रूममेट मला काहीही विचारायचा, "जेवली का?", "रिलीज करू का?", आणि मी श्वास ओढून "यो, यो" करत शेवटी टेबलावर बेशुद्ध पडायचो. टेबल हसायचं. लीडपण हसायची. म्हणजे तिच्या ओठाचा डावा कोपरा जरा वर जायचा. फिनलंडात त्याला बहुतेक खो खो हसणं म्हणत असावेत.

नकला हा माझा शाळेपासूनचा धंदा. त्याचं मूळ आमच्या गावचं लोडशेडिंग. तेव्हा टीव्हीवर ते जपानी कार्टून हिंदीत लागायचं, ज्यात पोरं घर सोडून गावोगाव प्राणी पकडत हिंडतात आणि त्यांच्या झुंजी लावतात. गेम, पत्ते, वेफर्सच्या पुड्यात फुकट मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या, सगळं त्याचंच. पण गावात एका वेळी अर्ध्या भागालाच लाइट. स्टेशनकडच्या पोरांचा एपिसोड नेहमी अंधारात जायचा. मग दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी अख्खा एपिसोड करून दाखवायचो. हिरो मी, व्हिलन मी, विजेचा कडकडाट मी. एकदा व्हिलनला आमच्या हेडमास्तरांचा आवाज दिला आणि मागे हेडमास्तर उभे. छडी खाल्ली. पण मारता मारता ते म्हणाले, "पुढे काय झालं त्याचं?" हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही.

तर एकदा लंचला मी त्या कार्टूनमधल्या शेपटीवाल्या छोट्या प्राण्याची आरोळी काढली. सहजच. लीडचा काटा सॅलडमध्ये थांबला. तिनं पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि तीच आरोळी काढली. तशीच वगैरे नाही हां. तीच. शेवटी जरासा वर चढणारा सूर असतो, तोसुद्धा.

"तुमच्याकडे हे होतं?" मी.

"तुमच्याकडे होतं?" ती.

दोघांनाही जरा रागच आला. आपल्या परसातली चिंच दुसऱ्याच्या डब्यात सापडावी तसं.

मग जी बाई एका मीटिंगमध्ये जेमतेम चार वाक्यं बोलते ती सलग पंधरा मिनिटं बोलली. रूममेट तर मध्येच घड्याळ बघून आला, खरंच पंधरा मिनिटं झाली का म्हणून. ती म्हणाली, फिनलंडात टीव्हीवर परदेशी काहीही लागलं की ते मूळ भाषेतच लागतं आणि खाली फिनिश अक्षरं येतात. मोठी माणसं वाचत वाचत बघतात. पण बारक्या पोरांना वाचता येत नाही, म्हणून कार्टूनला तेवढे फिनिश आवाज लावतात. हे कार्टून जपानचं, पण त्यांच्याकडे आलं ते अमेरिकेवरून. अमेरिकेनं नावं बदलली, इंग्रजी आवाज लावले आणि त्या इंग्रजीवर फिनिश चढलं. गेम मात्र फिनिशमध्ये आलीच नाही. पोरं इंग्रजी गेम डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळायची. "माझं पहिलं इंग्रजी वाक्य," ती म्हणाली, "म्हणजे 'पळून जाता येणार नाही!'" शाळेच्या मैदानात बर्फात हातमोजे काढून पत्त्यांची अदलाबदल, बोटं बधिर होईपर्यंत.

"आणि तो प्राणी?"

माणसांचे आवाज प्रत्येक देशानं आपापले लावले, पण त्या एका प्राण्याची आरोळी कुणी बदलली नाही. जपानात एका बाईनं स्टुडिओत उभं राहून ती काढली आणि तीच सगळीकडे गेली. चाळीसगावात कुणाच्या तरी घरी इन्व्हर्टरवर आणि तिकडे उत्तर ध्रुवाच्या खालच्या मजल्यावर, एकाच बाईचा एकच श्वास. मी विषय बदलायला म्हणालो, "फिनिश आवाज कोण काढायचं?"

"माझे वडील," ती म्हणाली.

सगळे नाहीत. पण रेकॉर्डिंगच्या त्या छोट्या खोलीत चार-पाचच माणसं असायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला ढीगभर पात्रं. वडील म्हणजे प्रोफेसर, पोलीस, मासेवाला, मासेवाल्याची सासू आणि सगळ्यात गाजलेला गुहेतला म्हातारा, ज्याच्या आवाजानं तिच्या वर्गातली पोरं दप्तराआड लपायची. एका कानात इंग्रजी वाजतंय, हातात कागद, आणि कागदाचा आवाज होऊ नये म्हणून समोरच्या स्टँडवर लोकरीचं कापड. आणि घरी? घरी ते गप्प. उद्यासाठी आवाज राखायचा म्हणून. "मी बाबांना जेवणाच्या टेबलापेक्षा टीव्हीवर जास्त ऐकलंय," ती म्हणाली.



वर्षभरानं तिनं मला बाजूला घेतलं. वडील तीन आठवड्यांसाठी येणार होते. नात जन्मायच्या आधीच त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. बोलायला जातात तर नुसती हवा येते. पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता, म्हणजे ही भेट शेवटचीच. तिची मुलगी सात वर्षांची, न्यू जर्सीतच जन्मलेली, फिनिश येत नाही. तिनं आजोबांना एकदाही बोलताना ऐकलेलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांना हात हलवायचे आणि संपायचं. ते कार्टून ती इंग्रजीत वेड्यासारखी बघायची, पण आपले आजोबा त्यात होते हे तिला जुनी क्लिप ऐकवूनसुद्धा पटतच नव्हतं.

"तू सगळ्यांचे आवाज काढतोस," लीड म्हणाली. "माझ्या बाबांचा काढ. तिला एकदा समोरासमोर ऐकू दे."

मी आयुष्यात कधी असा घाबरलो नव्हतो, हेडमास्तर धरून.

तिनं मला जुन्या कॅसेटवरून उतरवलेली ती क्लिप दिली. गुहेतला म्हातारा, दीड मिनिट. आवाज कसा सांगू? गंजलेल्या बिजागरीचं दार स्वतःशीच कुरकुरतंय, आणि तरी त्या कुरकुरीत शब्द स्पष्ट. मी आठवडाभर गाडीत, अंघोळीत, कुकर लावताना तेच. शब्द देवनागरीत लिहून काढले. घसा सोलवटून निघाला.

"काय बे," रूममेट दारातून म्हणाला, "कोणता मंतर म्हणून राह्यला तू? कुकरची शिट्टी घाबरून बंद झाली ना!"

"जमत नाही यार. खरवडतोय, पण नुसतं खरवडल्यासारखंच वाटतंय. त्याच्यात माणूस नाहीये."

"मग नाही म्हणून सांग."

"आता कसं सांगू?"

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. आजोबा खिडकीपाशी बसलेले, उंच, गळ्याला पातळ स्कार्फ. मी सवयीनं म्हणालो, "नमस्कार काका." त्यांनी माझ्यासारखेच हात जोडले, मान वाकवली, आणि खांदा जरा तिरपा केला. माझा खांदा तिरपाच असतो. म्हणजे बसल्या जागी दोन सेकंदांत त्यांनी माझी नक्कल केली होती. उस्तादांपुढे आपण पेटी काढून बसलोय हे तेव्हा कळलं.

मुलगी सोफ्यावर पाय दुमडून बसली होती. लीडनं तिला सांगितलं, "हा काका आता आजोबांचा आवाज काढणार."

"व्हाय कान्ट ही डू इट?" तिनं आजोबांकडे बोट केलं.

लीडनं मला सुरू करायची खूण केली. मी घसा खाकरला आणि सुरू केलं. दीड मिनिट. कुठे अडखळलो नाही. संपल्यावर मुलगी म्हणाली, "ही साउंड्स सिक."

आजोबा मान हलवत होते. नाही. नाही. ते उठले, माझ्यासमोर आले, माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि 'पुन्हा' अशी खूण केली. मी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्याच शब्दाला त्यांनी माझं तोंड आपल्या हातानं बंद केलं. मग स्वतःच्या ओठांसमोर बोट धरलं आणि ते बोट हळूहळू तोंडाकडे आणलं. बाहेरून आत.

मला काही कळेना. त्यांनी वैतागून लेकीकडे बघून भुवया उडवल्या, विचार ना याला, अशा. लीड म्हणाली, "समजलं का तुला?" आणि नकळत स्वतःच उत्तर दिल्यासारखी, श्वास आत ओढत, "यो..."

ती मध्येच थांबली.

वर्षभराहून जास्त लंचच्या टेबलावर मी ज्याच्यावर हशा घेत होतो, तेच होतं ते. गुहेतला म्हातारा श्वास सोडत बोलतच नव्हता. तो अख्खाच्या अख्खा श्वास आत ओढत बोलत होता. मी आठवडाभर घसा फाडून हवा उलट्या दिशेनं ढकलत होतो.

"बाबा," लीड अगदी हळू म्हणाली. पुढचं फिनिश. नंतर तिनं मला सांगितलं, ती एवढंच म्हणाली होती: "तुम्ही ऑपरेशननंतर असं करून बघितलंय?"

नव्हतं बघितलं. डॉक्टरांनी आवाजावर जोर द्यायला मनाई केली होती, आणि त्यांनी ती जुन्या शिस्तीनं पाळली होती. त्यांनी सगळा वेळ बोलायचा प्रयत्न केला तो बाहेरच्या दिशेनं, आणि हवा आली की गप्प बसले. मला शिकवायला म्हणून आज ते पहिल्यांदा तोंड उघडत होते.

त्यांनी डोळे मिटले. स्टँडवर कागद असल्यासारखा एक हात समोर धरला. आणि श्वास आत घेतला.

दार कुरकुरलं.

बारीक होता आवाज, क्लिपमधल्याच्या अर्ध्यापेक्षा कमी. चार शब्द झाले की त्यांना थांबून दम घ्यावा लागायचा. पण त्याच्यात तो म्हातारा होता, गुहा होती, गुहेतला ओलावा होता. मी नकला करतो, मला आवाजाचे सांधे दिसतात, कुठे काय जोडलंय ते कळतं. इथे सांधाच नव्हता. ऑपरेशन झालेल्या गळ्यातून एक माणूस वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या खोलीतून सरळ चालत बाहेर आला.

मुलगी सोफ्याआड लपली. खरंच लपली, दप्तराआड लपायची पोरं तशी. मग तिचं अर्धं डोकं वर आलं.

"इज इट यू?"

आजोबांनी श्वास ओढला. "यो."

"डू मोअर!"

त्यांनी हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं थांब. ती घड्याळासमोर उभी राहिली, आणि चौथ्या मिनिटाला माझ्याकडे वळून म्हणाली, "यू कॅन सिट डाउन नाउ." मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा दोन नंबरला बसलो आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पुढच्या तासाभरात आम्ही एक एपिसोड केला. आजोबांचा गुहेतला म्हातारा फिनिशमध्ये, चार चार शब्द आणि मध्ये विश्रांती. तिचा हिरो इंग्रजीत. विश्रांती भरून काढायला गावातली फालतू माणसं मी, हिंदीत. कुणाला कुणाचं कळत नव्हतं आणि गोष्ट कुठे अडत नव्हती, कारण ती तिघांनाही पाठ होती. लीड किचनच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे एकदाच बघितलं, मग मुद्दाम नाही बघितलं.

शेवटी तो छोटा प्राणी येतो. मुलगी म्हणाली, "हू इज डूइंग हिम?"

कुणी ठरवलं नाही. तिघांनी एकदमच आरोळी काढली. मी चाळीसगावची, तिनं न्यू जर्सीची, आजोबांनी श्वास आत घेऊन, अगदी बारीक. तिन्ही आरोळ्यांच्या शेवटी तोच जरासा वर चढणारा सूर.

मुलगी आजोबांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या गळ्यावरचा स्कार्फ बोटानं बाजूला करून आत बघायला लागली, एवढं सगळं राहतं कुठे म्हणून. आजोबांनी मान वर करून तिला बघू दिलं.