व्याह्यांची गाडी

सोयऱ्याकडून जुनी गाडी घेऊ नये. घ्यायचीच असेल तर सोयऱ्याला कळू न देता मिस्त्रीला दाखवावी, आणि तेवढी छाती नसेल तर सरळ एसटीनं फिरावं. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही, म्हणून सांगते.

आमची एकुलती मुलगी परंड्याला दिली आहे. तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्के खात प्रवास करायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे धाराशिवला, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला आणायची, पण बार्शीला बस बदलून, उभ्यानं, पोट सांभाळत आणायची नाही. भाड्याची गाडी सांगता आली असती. पण दारात आपली स्वतःची गाडी असावी हे ह्यांच्या फार मनात होतं. हे प्राथमिक शाळेत शिक्षक, स्वभावानं गरीब गाय. मी घरी ब्लाउज शिवते, आणि स्वभावानं गाय नाही.

नेमकं तेव्हाच व्याह्यांनी, म्हणजे मुलीच्या सासऱ्यांनी, नवी गाडी घेतली. जुनी अंगणात उभी होती. "भायेरच्याला देण्यापरास घरातच राहू द्या की. न्या तुमी, पाव्हणं," असं ते म्हणाले, आणि ह्यांना आभाळ ठेंगणं झालं.

मी म्हटलं, एकदा मिस्त्रीला दाखवू. त्यावर हे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी काही अभद्रच बोलले. व्याह्यांची वस्तू मिस्त्रीला दाखवायची म्हणजे त्यांच्यावर संशय घ्यायचा. त्यांच्या कानावर गेलं तर मुलीला ऐकून घ्यावं लागणार. आमच्याकडे मुलीचा बाप व्याह्यांपुढे घासाघीस करत नाही, तिथं बॉनेट उघडून बघणं तर लांबच राहिलं. पांढरी शुभ्र गाडी, आत अत्तराचा वास, समोर देवीचा फोटो. आम्ही हार घालून ती घरी आणली आणि गल्लीत पेढे वाटले.

पंधरवडा बरा गेला. मग एका रविवारी रामलिंगाच्या दर्शनाला निघालो. येडशीच्या अलीकडे चढ लागला आणि करपल्यासारखा वास यायला लागला. मी म्हटलं, "काहीतरी जळतंय." हे म्हणाले, "कुणीतरी रानात पाचट पेटवलं असेल." तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट उठला, आत खडखड झाली आणि गाडी जागेवरच थिजली. तापमानाचा काटा मात्र शेवटपर्यंत तळाशी निवांत पडून होता. ह्यांनी किल्ली फिरवून बघितली, तर 'टक्' एवढाच आवाज आला.

सीताफळं घेऊन धाराशिवला निघालेल्या एका पिकअपवाल्याला दया आली. त्यानं दोर बांधला. मी पुढे त्याच्याशेजारी बसले आणि हे मागच्या गाडीत स्टेअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखे. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी सगळे देव आठवत होते, तर चौकात ह्यांचे हेडमास्तरच उभे. त्यांनी हात केला. ह्यांना हात सोडून उत्तरही देता येईना.

मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरलं. बोट पिवळंजर्द.

"वहिनी, गाडीचं लगीन कवा केलं? हळद लागलीय की हिला."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग वास घेतला. हळदच होती.

"रेडिएटर गळत असलं की लोक मूठभर हळद टाकत्यात," तो म्हणाला. "भोक बुजतं, गाडी चालती. पर ती हळद आत साचून चिखल हुतो, पाणी फिरत न्हाय. त्यात काट्याची वायर तुटलेली. तुमास्नी कळायचं कसं?" दोन दिवसांनी त्यानं सगळं खोलून दाखवलं. इंजिनचं हेड वाकलेलं आणि पिस्टन सिलिंडरला असं धरून बसलेलं, की हलायला तयार नाही. इंजिन पहिल्यापासून बांधावं लागणार होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळद आपोआप रेडिएटरमध्ये जात नाही. कुणीतरी घातली, म्हणजे कुणाला तरी माहीत होतं. हे मात्र म्हणाले, "चकार शब्द काढायचा नाही. पोरगी त्यांच्या घरात आहे." तेवढ्यात फोन वाजला. व्याहीच! "काय पाव्हणं, गाडी काय म्हणती?" समोर पोत्यावर इंजिनचे तुकडे मांडलेले, आणि हे हसून म्हणाले, "एक नंबर! नुसती पळतीय!" मला हसावं का रडावं कळेना.

खरं तर भीती मलाही होती. मुलगी त्या घरात गेल्यापासून तिचं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाय' एवढ्यावरच आलं होतं. फोनवर विचारलं तर "सगळं बरं आहे." माझ्या एका शब्दानं तिचं ते बरंही जाणार असेल तर? पण आमच्या शिवणकामात एक रीत आहे. कापडाला भोक असेल तर ते आधी गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि मगच कात्री लावायची. न दाखवता शिवलं तर जन्मभर तोंड चुकवत फिरावं लागतं. आता ह्यांना व्याह्यांपासून तसंच तोंड चुकवत फिरावं लागणार होतं आणि मुलीलाही. मुलीला बघून येते असं सांगून मी एकटीच एसटीत बसले. पिशवीत रेडिएटरचा रबरी पाइप होता, आतून पिवळा.

व्याह्यांच्या ओसरीवर बसल्यावर डोक्यावर पदर घेतला. इकडचं तिकडचं झालं. मग मी पाइप काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"पाव्हणं, भांडायला नाही आले. विचारायला आले. ही हळद कुणी घातली?"

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. मला मानेनं 'नको, नको' करत होती. व्याह्यांचा चेहरा लाल झाला. बोलल्या त्या विहीणबाई.

"डबा तर माझाच मोकळा झाला की. म्या तवाच म्हणलं हुतं, देताना तेवढं सांगा म्हणून."

"त्यात काय सांगायचंय?" व्याही उसळले आणि माझ्याकडे वळले. "आमची तर वर्षभर पळाली त्याच्यावर! आन् विहीणबाई, सोयऱ्यात असं बोलत न्हाईत."

त्यांच्या डोळ्यांत मला लबाडी दिसली नाही. त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मामा, त्या गाडीत मी बसून जाणार हुते."

मुलगी सासऱ्यांना मामा म्हणते. तिचा आवाज कापत होता. पण ती बोलतच राहिली. "पोटातलं घिऊन. वाटंतच बंद पडली असती मग?"

व्याह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली पाइपाकडे. माझ्या डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला होता, मला कळलंच नाही. परत येताना बसमध्ये मला एकच काळजी, आता रात्री तिला काय काय ऐकावं लागेल?

रात्री ह्यांना सगळं सांगून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गॅरेजवर गेलो, तर व्याही आमच्याआधी हजर. बार्शीहून कोरं रेडिएटर घेऊन आलेले. ह्यांना बघितल्यावर एवढंच म्हणाले, "पाव्हणं, चुकलं आमचं." ह्यांनी त्यांच्या हातातलं रेडिएटर आपल्या हातात घेतलं. मला मोकळं वाटलं, मी चहा सांगितला. खर्चाचं आम्ही कसं मिटवलं ते सांगत नाही, दोन्ही घरांना पटलं म्हणजे झालं. त्यानंतर इंजिन बांधून होईपर्यंत ते दर दोन दिवसांनी यायचे, उलट्या डब्यावर बसायचे आणि मिस्त्रीला इतके प्रश्न विचारायचे, की तो बिचारा मला म्हणाला, "वहिनी, पाव्हण्याला जरा घरी न्या."

इंजिन सुरू केलं तो क्षण मी विसरणार नाही. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. एकदा खोकल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदा इंजिननं दम धरला आणि मग ते असं एका सुरात चालू लागलं, की हे चक्क टाळ्या वाजवायला लागले. काटा हळूहळू वर आला आणि मध्यावर थांबला. मी नारळ फोडला तो एका घावात फुटला.

ओटीच्या दिवशी परंड्याला निघालो, तर हे म्हणाले, "वैरागकडून जाऊ." मी म्हटलं, येडशीवरूनच जायचं. तो चढ आला तसे ह्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मी काट्यावर डोळे लावून बसले. काटा मध्यावरून हलला नाही आणि गाडी सुरात चढून वर गेली. वर गेल्यावर मी खिडकीची काच खाली केली आणि मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. रस्त्याकडेच्या म्हशी दचकल्या एवढं खरं. हेही हसायला लागले. इतका आनंद मला नव्या गाडीचाही झाला नसता.

ओटी छान झाली. हिरवी साडी, हिरवा चुडा, मांडी भरून फळं. निघताना विहीणबाईंनी मुलीच्या हातावर दही-साखर ठेवली. मुलगी गाडीत बसली तसे व्याही दाराशी आले. अशा वेळी सून परत कधी पाठवणार हे सासरचे विचारतात आणि माहेरच्यांनी पडतं घेऊन उत्तर द्यायचं असतं. जिच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं ती खाली मान घालून ऐकते. माझ्या आईनं माझ्यासाठी आठ दिवस जास्त मागितले होते, तेव्हा तिनं हात जोडले होते. मी ते बघितलं होतं.

"मग विहीणबाई," व्याही म्हणाले, "सूनबाईला कवा धाडता?"

मी तोंड उघडलं. पण मुलगीच बोलली.

"मामा, बाळ बसाया लागलं की मग येते. तोवर न्हाय."

या वेळी तिचा आवाज कापला नाही. अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. व्याह्यांनी क्षणभर दारावर हात तसाच ठेवला, आणि मग मान डोलावली.

"बरं. तू म्हणशील तवा मी सोता येतो न्याया."

मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. मुलीनं आपल्या हातानं दार ओढून घेतलं, पट्टा पोटाखालून नीट लावला आणि वडलांना म्हणाली, "चला पप्पा, हाणा गाडी."