मुत्याबाच्या पडद्यावरचा अजगर

"माझ्या पोरीला तू सांगितलंस, आत्या झोपलीय म्हणून."

"आत्याचं नाव मी कधी घेतलं, कालिब्बाला? मी अजगराचं बोललो."

"तिला दोन्ही एकच. घरी आत्याचं उत्तरकार्य लागलंय, ढोल वाजतायत, कुळातली माणसं वारसाला पांघरायचं वल्कल घेऊन बसलीत. आणि ही म्हणते, आत्याच्या जागी मी उभी राहिले तर उठल्यावर ती कुठं बसेल?"

मुत्याबा माइक पुसत राहिला. कंपालाच्या कडेच्या या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये तो आयुष्यभर एकच धंदा करत आला होता. परदेशी सिनेमाचा आवाज बारीक करायचा आणि माइक धरून सगळ्यांच्या वतीनं तिथल्या लुगांडा भाषेत आपणच बोलायचं. त्याच्या तोंडी राक्षस गल्लीतल्या खाटकासारखा घासाघीस करी, राजकन्या सासूला टोमणे मारी. रविवारी दुपारी पोरांसाठी पंखवाल्या अजगराचं कार्टून लागे. त्यात म्हातारी अजगरीण भाला लागून दगड होते आणि शेवटी एका मुलीचा हात लागताच उठते. "मेली नाही रे, झोपलीय," मुत्याबा सांगायचा. कालिब्बालाच्या पोरीला, पेर्पेटुआला, आत्यानंच वाढवलेलं. आत्या गेल्यापासून ती दर रविवारी पुढच्या चटईवर येऊन बसायची.

"मग तू सांग की तिला. बाप आहेस."

"सांगून थकलो. तिला तुझ्या माइकचंच खरं वाटतं. आज ती उभी राहिली नाही तर कुळ दुसऱ्या भावाची मुलगी उभी करेल. आत्याचं नाव, आत्याचं घर, सगळं तिकडं जाईल. मग माझी पोर कोणाची?"

"आणि बाकीच्या पोरांना काय सांगू? म्हातारीला मीच मारलं?"

"हो. तेच सांग."

पोरं आली. भाजलेल्या केळ्यांचा वास घेऊन पेर्पेटुआही आली आणि आपल्या जागी बसली. कालिब्बाला दारात उभा राहिला. पडद्यावर भाला सुटला, म्हातारी कोसळली, दगड झाली. मुत्याबानं माइक ओठांशी नेला.

"म्हातारी मेली," तो म्हणाला. "झोपली नाही. मेली. आता तिच्या डोंगरावर कोणीतरी बसायला हवं."

एक पोरगा हसला. "काका, आज पिऊन आलात काय?"

मुत्याबानं वायर ओढली. पडदा काळा झाला.

"अजून आहे ना पुढचं," पेर्पेटुआ शांतपणे म्हणाली. "ती मुलगी येते. हात लावते."

"नाही येत, बाळ."

"मागच्या रविवारी आली होती. तुम्हीच तिच्या आवाजात बोललात."

"माझाच आवाज होता तो. मुलगी नव्हती."

पेर्पेटुआनं काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या माइककडे. लांबून ढोल ऐकू येत होते. बाप दारातून बाजूला झाला.

"पुढच्या रविवारी येशील ना ग?" मुत्याबानं विचारलं. माइक बंद होता, तरी तो त्यातच बोलला.

तिनं चपला उचलल्या, पायात न घालता हातात धरल्या, आणि बापाच्या समोरून ढोलांच्या दिशेनं निघून गेली.