तिसऱ्या मजल्याच्या छतावरचा डाग

साठ घरांच्या त्या सोसायटीत मॅनेजरला सगळे पाठीमागे ‘काबरं’ म्हणत. लिफ्ट अडकली की दुरुस्तीवाल्याला फोन करायचा सोडून हा आधी विचारणार, “याच मजल्यावर अडकली, का बरं?” आतल्या माणसाचा जीव टांगणीला आणि याला शंका! पण वीस वर्षं पंपाच्या खोलीशेजारी टीचभर ऑफिसात बसून त्याने इमारतीची नस न् नस ओळखली होती.

आणि नेमकं जिथे विचारायला हवं, तिथे गड्याने विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या छताला ओल आली. त्यांनी सोसायटीला वकिलाची नोटीस धाडली. अध्यक्ष घाबरले. “वरच्या बाईंच्याच बाथरूममधून गळतंय, दुसरं काय! दुरुस्ती होईपर्यंत ते बंद ठेवा, नाहीतर कोर्टात भेटू, असं लिहा. एक प्रत बोर्डावरही लावा.” काबरंने लिहिलं, सही ठोकली.

बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी मुकाट्याने बाथरूमचा नळ बंद केला आणि रोज सकाळी पिशवीत टॉवेल घालून दोन गल्ल्या पलीकडे बहिणीकडे आंघोळीला जाऊ लागल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी! बघणारे बघत होते, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात डाग पंख्यापर्यंत सरकला. आता मात्र काबरंचं डोकं भणभणलं. नळ बंद, मग हे पाणी येतंय कुठून? त्याने प्लंबरकडून पाण्यात कालवायचे रंग आणले. बाईंची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूममध्ये हिरवं पाणी ओतलं आणि खाली डॉक्टरांच्या घरी मान वर करून बसला. तीन तास झाले, छतावर हिरवा ठिपकासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन त्याने टाकीच्या, भिंतीतून खाली उतरणाऱ्या ओव्हरफ्लो पाइपात लाल पाणी सोडलं. तासाभरात डॉक्टरांचं छत लालेलाल! “सापडलं!” तो ओरडला. मग लक्षात आलं: तो पाइप सोसायटीचा होता. आणि बाईंना धाडलेल्या पत्राखाली सही त्याची होती.

“सामाईक पाइप म्हणजे जबाबदारी आपली,” सोसायटीचे वकील म्हणाले. “एक ओळ लेखी दिलीत, तर डॉक्टर उरावर बसतील.”

“बाईंना तोंडी सांगा, नळ वापरा म्हणावं,” अध्यक्षांनी री ओढली.

काबरं वर गेला, चाचरत सगळं बोलला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आरोप बोर्डावर लावलात,” त्या म्हणाल्या. “साठ घरांनी वाचला. आणि चूक माझ्या एकटीच्या कानात सांगताय?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली येऊन त्याने सोसायटीच्या कागदावर लिहिलं: गळती बाईंच्या घरातून नाही, सोसायटीच्या पाइपातून आहे. न तपासता पत्र दिलं, ही माझी चूक. सही केली आणि सकाळी सगळे कामाला निघायच्या वेळेला कागद बोर्डावर लावला.

अध्यक्ष धावतच आले. “कोणाला विचारून लावलंत हे? नोकरी जाईल, कळतंय का?”

“कळतंय साहेब. पहिलं पत्र तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. हे तपासून लिहिलंय.”

अध्यक्षांनी कागद फाडायला हात घातला. बोर्डासमोरच्या घोळक्यात बाईही उभ्या होत्या, चष्मा नाकावर घेऊन.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “माझं वाचून व्हायचंय अजून.”

अध्यक्षांनी हात खाली घेतला.